शेवटचा झ

“म्हणजे तुम्ही शेवटचा झ उच्चारता,” मॅडम द सोव्हब्वा म्हणाल्या आणि त्यांनी आमेदेच्या कपात कॉफी ओतली. एवढंच झालं. लियोंच्या एने भागातल्या त्या उंच खिडक्यांच्या घरात रविवारचं जेवण आटोपलं होतं. मटणाची तंगडी झाली होती, गुलाबी प्रालीनचा टार्ट झाला होता. त्याची मुलगी क्लोतील्द होणाऱ्या नवऱ्याशेजारी, म्हणजे या घरच्या तिबोशेजारी, सोफ्यावर बसून फोनमधल्या कसल्याशा फोटोला हसत होती. आमेदेने नुकताच टॅक्सीला फोन करून नाव सांगितलं होतं, बेलोर्साझ, शेवटी झ, हो, झच. आयुष्यभर सांगत आला तसंच. आणि त्यावर हे वाक्य आलं. हा प्रश्न होता की नुसतंच निरीक्षण, ते त्याला कळलं नाही. प्रश्न असता तर उत्तर देता आलं असतं. त्याने कॉफीत साखर घातली, एरवी तो घालत नसे. “तिकडे सॅव्हॉयच्या डोंगरात तो झ नुसता लिहायला असतो,” मसिए द सोव्हब्वा नासपती सोलता सोलता म्हणाले. ते तासन् तास बोलत नसत, आणि बोलले की नेमकं नको तिथे बोलत. “जुन्या कारकुनांची खूण ती. शेवटचा स्वर हलका घ्या, गिळून टाका, एवढाच अर्थ. मोठ्याने झ म्हणतात ते फक्त स्कीला आलेले पॅरिसवाले. तुमच्या गावचे लोक बेलोर्स म्हणत असणार. आणि पुढचा आ ओठातल्या ओठात.” “हो तर,” आमेदे म्हणाला. हो तर म्हणजे काय, हे त्यालाही माहीत नव्हतं. “आणि ते अस्वलाचं खरं का हो?” मसिएंनी विचारलं. आमेदेच्या करंगळीतल्या अंगठीवर अस्वल होतं, आणि क्लोतील्दने या घरात ती गोष्ट केव्हाच सांगून ठेवली होती. “कारण गावांची नावं सहसा अस्वलांवरून पडत नाहीत. चिखलावरून पडतात, झाडांवरून पडतात, पाण्यावरून पडतात. अस्वल मागाहून येतं.” मॅडम हसल्या. “तुम्ही नासपती खा,” त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्या घरात नवराबायको एकमेकांना अहो-जाहो करत, आणि मुलगाही आईला अहो आई म्हणे. मग त्यांनी आमेदेकडे वळून, अगदी प्रेमाने, ते दुसरं वाक्य टाकलं, “मला एक सुचतंय. लग्न तिथेच करू या ना, तुमच्या गावच्या चर्चमध्ये. मुलीच्या गावी लग्न, हाच आपल्यातला रिवाज.” “चर्च फार लहान आहे,” आमेदे म्हणाला. त्याने ते चर्च कधी पाहिलं नव्हतं. गावही पाहिलं नव्हतं.

टॅक्सीत त्याची बायको ओदील खिडकीबाहेर बघत होती. सोन नदीच्या काठाकाठाने गाडी चालली होती आणि आमेदेच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता, आपल्यातला. आपल्यातला रिवाज. आपल्यातला म्हणजे कुणातला? आपण दोघं त्यात आहोत म्हणून त्या तसं म्हणाल्या, की आपण आहोत की नाही हे बघायला म्हणाल्या? “तिने मुद्दाम विचारलं,” तो म्हणाला. “कोणी? काय?” “झचं.” ओदील वळली. तिचं माहेर साधं, वडील औषधांचं दुकान चालवत, आणि नावागावाच्या गोष्टींत ती नेहमी पाहुण्यासारखी वावरली होती. “अरे, बाईला काहीतरी बोलायचं होतं म्हणून बोलली. तुला आता कॉफीतही काळंबेरं दिसायला लागलं.” “कॉफी काळीच असते.” “तेच म्हणते मी.” ती हसली. तो हसला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण आमेदेला आपण चोर आहोत हेसुद्धा ठाऊक नव्हतं, आणि चांदणं मात्र आत लख्ख पडलं होतं. त्या उजेडात घरातली एकेक वस्तू निराळी दिसू लागली. कुठल्या वस्तूला आधी हात लावावा, हे त्याला समजेना.

वडिलांना आधी लावला. रेजी द बेलोर्साझ. जाऊन नऊ वर्षं झाली होती. ताठ मान, पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांना सोनेरी बटणं, विम्याच्या कचेरीतली मधली खुर्ची, आणि घरी आल्यावर मात्र राजदरबारातून आल्यासारखं हातमोजे काढणं. आमेदे हे नावही त्यांनीच ठेवलेलं. सॅव्हॉयच्या जुन्या सरदारांचं नाव. शाळेत त्यावरून पोरांनी इतकं छळलं की तो काही वर्षं स्वतःला नुसता मेदे म्हणवून घेत होता. तेव्हा ते थोर वाटायचं. आता वाटलं, इतकं ओझं नावावर कशाला? ज्याचं घर खरंच त्या डोंगरातलं, त्याने पोराचं नाव पॉल ठेवलं असतं तरी चाललं असतं. मग तो ‘द’चा धडा, सरदार घराण्यांच्या आडनावाआधी लागणाऱ्या ‘द’चा. तो सात-आठ वर्षांचा असेल, फोन आला, त्याने उचलला आणि ऐटीत म्हणाला, “द बेलोर्साझ बोलतोय.” वडिलांनी रिसीव्हर काढून घेतला, खाली ठेवला, त्याला समोर उभं केलं. “नुसतं आडनाव सांगायचं असेल तर ‘द’ लावायचा नाही. बेलोर्साझ बोलतोय. आडनावाआधी पदवी किंवा पाळण्यातलं नाव असेल तरच ‘द’. उगाच ‘द’ मिरवतो तो कालचा. कळलं?” कळलं. आमेदे ते कधी विसरला नाही, आणि दुसरे लोक चुकले की आत कुठेतरी गुदगुल्या व्हायच्या. पण आता, रात्रीचं सूप पिताना, चमचा अर्ध्यावर थांबला. हे शिकवावं का लागलं? तिबोला कुणी शिकवलं असेल का? त्या पोराला ‘द’ कुठे गळतो हे विचारलं तर तो तोंडाकडे बघत बसेल, पण चुकणार नाही. बदकाच्या पिल्लाला पोहायला शिकवत नाहीत. ज्याला धडा म्हणून शिकवावं लागतं, ते आधी कुणीतरी कुठूनतरी धडा म्हणूनच पाठ केलेलं असतं. आणि ते अस्वल. पूर्वजाने एकट्याने अस्वल मारलं, कातडं सरदाराच्या पायाशी टाकलं, सरदार म्हणाला, ‘काय देखणं अस्वल’, बेल ऊर्स, आणि त्यावरून गावाचं नाव पडलं, आणि गावावरून आपलं. लहानपणी तो विचारायचा, अस्वलाला कसं मारलं, आणि वडील दर वेळी नवीन शस्त्र सांगत. कधी भाला, कधी कुऱ्हाड, एकदा तर नुसते हात. त्याला ते फार आवडायचं. खऱ्या गोष्टीत शस्त्र बदलत नाही, हे आता पन्नाशी उलटल्यावर सुचावं, याची त्याला लाज वाटली. आणि लाजेपेक्षा राग जास्त आला, तो कुणाचा ते ठरवता येईना.

गावाला मात्र कधी नेलं नाही. दर उन्हाळ्यात ते समुद्राकडे जात, उलट्या दिशेला. “आजोबांनी सगळं विकलं,” वडील सांगत, “आणि विकलेल्या घोड्याकडे वळून बघायचं नसतं.” किती रुबाबदार वाक्य. आमेदेने ते मित्रांना ऐकवलं होतं, ओदीलला तर पहिल्या भेटीतच ऐकवलं होतं. आता त्या वाक्याचा वास वेगळाच येऊ लागला. घोडा आपला असेल तर माणूस चोरून का होईना एकदा बघतो. जो कधीच बघत नाही त्याचा घोडा नसतोच. मॅडम द सोव्हब्वांच्या दिवाणखान्यात खिडकीशेजारच्या कपाटात तो जाड ग्रंथ होता, खरी घराणी कोणती आणि उसनी कोणती हे वर्णानुक्रमे सांगणारा. जेवताना आमेदेला त्याचा लाल कणा दिसत होता. त्यात बेलोर्साझ नाहीत, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. वडिलांचं म्हणणं असं की ग्रंथकर्त्याचं आणि आजोबांचं भांडण झालं होतं. आमेदेचा इतका विश्वास होता की त्याने भांडण कशावरून, हेही कधी विचारलं नव्हतं. पण त्या ग्रंथात नसलेला प्रत्येक माणूस हेच सांगत असणार, भांडण झालं होतं. केवढा भांडखोर ग्रंथकर्ता. लढाईत कितीतरी नगरपालिका जन्माच्या नोंदवह्यांसकट जळाल्या, मागाहून लोकांनी सांगितलं ते लिहून घेतलं गेलं. आजोबांनी एखाद्या दुपारी भिंतीवरच्या नकाशासमोर उभं राहून बोट फिरवलं असेल, डोंगरात कुठेतरी ते थांबलं असेल. बेलोर्साझ, वा. वाचून घेतलेलं नाव. ऐकून घेतलं असतं तर झ आला नसता. आमेदेला ही गोष्ट अगदी साधी, अगदी पक्की वाटली. आपल्या घराण्याने आपलं नाव कानांनी कधी ऐकलंच नाही, नुसतं डोळ्यांनी पाहिलं.

पुढचे काही आठवडे त्याचं कामात लक्ष नव्हतं. आमेदे दंतवैद्य होता, लियोंच्याच ब्रोतो भागात त्याचा दवाखाना होता, दारावर पितळी पाटी होती, आणि त्या पाटीवरचं शेवटचं अक्षर आता त्याला रोज सकाळी किल्ली लावताना नागासारखं वेटोळं घालून बसलेलं दिसे. लोकांच्या तोंडात तीस वर्षं बघत आल्यामुळे त्याला ठाऊक होतं की झ म्हणायला दात लागतात. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे येऊन थरथरतं तेव्हा झ होतो. पुढचे दात गेलेला म्हातारा झ म्हणू शकत नाही, नुसती हवा सुटते. आता कवळीच्या मापासाठी आलेल्या प्रत्येक माणसाला तो “माझं नाव म्हणा” म्हणू लागला, उच्चार तपासण्याच्या निमित्ताने. बेलोर्साझ, म्हणाल्या एक बाई. बेलोर्सास्, म्हणाले एक निवृत्त न्यायाधीश. कुणीच बेलोर्स म्हणालं नाही, आणि दर वेळी त्याला सुटल्यासारखं वाटे आणि मग लगेच वाटे की ही तर लियोंची माणसं, यांनी पाटी वाचूनच म्हटलं. गाडीत एकटा असला की तो दुसरा उच्चार करून बघे. बेलोर्स. पुढचा आ नुसता ओठांवर, पाहुण्याला दारातूनच निरोप दिल्यासारखा. पहिल्यांदा तोंडाला परका लागला. दहाव्या खेपेला छान लागला. विसाव्या खेपेला त्याला वाटलं, हाच खरा, यात डोंगर आहे, शेण आहे, सकाळचं धुकं आहे, आणि आपला तो झ म्हणजे इस्त्री केलेला रुमाल. मग त्याला वडिलांचा इतका राग आला की लाल दिवा हिरवा झालेला त्याला कळला नाही आणि मागच्याने हॉर्न वाजवला.

आईला विचारावं की नाही, यात काही दिवस गेले. मग गेला. त्याची आई सोलांज आता वृद्धाश्रमात होती, सेंत-फ्वाच्या टेकडीवर. शरीर थकलं होतं पण जीभ शाबूत होती. तो गेला तेव्हा दुपारची झोप झाली होती आणि कवळी पेल्यात होती. त्याला घरात आईवडिलांना अहो म्हणायची सवय लावली होती, तीही कुणी लावली आणि का, याचा विचार त्याने येताना जिन्यावर करून घेतला होता. “आई, तुम्ही बेलोर्साझला कधी गेलात?” “मी? नाही रे. तुझे बाबा म्हणायचे, तिथे गारठा फार.” “ते स्वतः गेले होते?” “कुणास ठाऊक. माणूस लग्नाआधी कुठेकुठे जातो, बायकोला सांगतो का?” दात नसल्यामुळे तिच्या तोंडून सगळे स आणि झ शिट्टीसारखे येत होते. “आई, आपण झ का म्हणतो?” ती त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत त्याला काहीतरी हललेलं दिसलं. निदान त्याला तसं वाटलं, आणि तो पुढे वाकला. “मला सांगितलं तसं मी म्हटलं,” ती म्हणाली. “लग्नात आडनाव मिळालं, ते घेतलं. आहेरातल्या वस्तूची पावती मागतात का कुणी?” “म्हणजे पावती नव्हती?” “बघ बाई,” ती उशीला टेकत म्हणाली, जणू खोलीत तिसरी कुणी बाई होती, “साठीला आला पण वकिली गेली नाही. तुझे बाबा लबाड होते असं ऐकायला आलास ना? मग ऐक. पत्त्यांत लबाड होते. माझ्या बहिणीच्या बाबतीत थोडे लबाड होते. नावाचं मला माहीत नाही.” तो निघाला तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि अंगठी बोटाने चाचपली. “सैल झाली तुला. वाळलास.” परतताना त्याला वाटलं की आई काहीतरी लपवते आहे. म्हातारी माणसं लपवायचं असलं की दुसरीच गोष्ट कबूल करून टाकतात. बहिणीचं तिने का काढलं?

आणि मग मॅडम द सोव्हब्वांचा फोन. चर्च बघायला जाऊ या, शनिवारी, मी आणि क्लोतील्द आणि तुम्ही, तिबोला काम आहे, ओदील येऊ शकत नाही हे कळलं, वाईट वाटलं. सगळं आधीच ठरलेलं. ओदील येऊ शकत नाही हे यांना आपल्याआधी कळलं, याचा अर्थ यांचं आणि ओदीलचं बोलणं झालं. काय बोलणं झालं? त्याने ओदीलला विचारलं. “केकचं,” ओदील म्हणाली. “आमेदे, तू त्या पोरीच्या लग्नात असा चेहरा करून उभा राहणार असशील तर आधीच सांग, मी फोटोवाल्याला सांगते, वडिलांना मागे ठेव.” त्याला म्हणायचं होतं, तुला कळत नाहीये ओदील, त्या गावात उतरल्या उतरल्या पहिला माणूस आपलं नाव ऐकून हसणार, आणि ती बाई हसणार नाही, फक्त ऐकून घेईल. त्यांच्या घरात कोणी कुणाला हाकलत नाही, फक्त हळूहळू बोलावणं बंद होतं. आणि क्लोतील्द त्या घरात आयुष्यभर ‘ती नकाशावरची’ म्हणून राहील. जेवणाच्या टेबलावर कुणीतरी हलकेच झ म्हणेल आणि बाकीचे बशीत बघतील. पण तो हे काही बोलला नाही. बोलावं तर ते खरं होईल अशी भीती, झाकली मूठ आहे तोवर सव्वा लाखाची. त्याऐवजी त्याने ठरवलं. अंथरुणात पडल्या पडल्या ठरवलं, आणि ठरवल्यावर कितीतरी दिवसांनी त्याला गाढ झोप लागली. तिथल्यासारखं म्हणायचं. पहिल्या माणसासमोर, सहज, ओठातल्या ओठात, बेलोर्स. गावाला ते ऐकू येईल आणि मॅडमनाही ऐकू येईल. लियोंमध्ये आम्ही झ म्हणतो तो परक्यांच्या सोयीसाठी, घरी आमचं बेलोर्सच, असं मग कुणीही समजून घेईल. वडील झ घेऊन थडग्यात गेले, ते त्यांच्यापाशी.

रस्ता खरोखरच वळणावळणाचा होता. मॅडम स्वतः गाडी चालवत होत्या, हातमोजे घालून, आणि वळणावर बोलणं न थांबवता. मागे बसलेली क्लोतील्द खिडकीची काच खाली करून डोकं बाहेर काढत होती, लहानपणी काढायची तशी. “बाबा, आपलं गाव,” ती म्हणाली. गावाच्या वेशीवरची पाटी आली आणि गेली, ठळक काळ्या अक्षरांत, शेवटच्या अक्षरासकट. आणि मग चर्च आलं. ते लहान नव्हतं. गावाच्या मानाने केवढं तरी मोठं, कांद्यासारखा घुमट, पिवळ्या भिंती, आत दोनशे माणसं सहज मावतील. मॅडमनी गाडी थांबवली आणि वर बघत राहिल्या. “लहान म्हणाला होतात ना?” “लहानपणी पाहिलं होतं,” आमेदे म्हणाला. “लहानपणी पाहिलेलं नंतर छोटं दिसतं हो,” त्या म्हणाल्या, “तुमचं उलटंच.” अगदी निर्मळपणे म्हणाल्या. किंवा निर्मळपणाच्या सवयीने. त्यांच्या बाबतीत यातला फरक त्याला कधीच कळला नव्हता.

चर्चची किल्ली समोरच्या घरात राहणाऱ्या पेर्नेत ब्लांदे यांच्याकडे होती. ऐंशीच्या आतबाहेरच्या, पायात रबरी बूट, ॲप्रनला हात पुसत आल्या, एक कुत्रा मागोमाग. कुत्र्याला “मागे हो रे, मंडळी चांगली दिसतायत” म्हणाल्या आणि मंडळींकडे वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. चर्च केव्हा हवं, किती माणसं, पाद्री खालच्या गावाहून येतो, त्याला जेवण लागतं, हीटर मात्र विसरा. मग त्यांनी आमेदेला विचारलं, “आणि नाव कुठलं म्हणायचं?” आता. मॅडम त्याच्या डाव्या हाताला होत्या, क्लोतील्द उजव्या. त्याने खांदे सैल सोडले, दातांना जीभ लागू दिली नाही, आणि सहज, जन्मभर म्हणत आल्यासारखं म्हणाला, “बेलोर्स.” शेवटचा आ सुंदर विरला. “गावाचं नाव मला ठाऊक आहे,” पेर्नेतबाई म्हणाल्या. “तुमचं विचारतेय.” “तेच. गावाचं तेच आमचं. आमेदे द बेलोर्स.” त्याला क्लोतील्दचं डोकं आपल्याकडे वळलेलं कळलं. पेर्नेतबाई हसल्या, कुणाला दुखवायला नव्हे, गंमत वाटली म्हणून. “असं होय. मग गढीतल्या सरदारांपैकी नव्हेत तुम्ही. दुसरे कुणीतरी.”

“गढीतलेच,” आमेदे म्हणाला. “छे हो,” त्या म्हणाल्या, आणि आता कुत्र्याशीच बोलावं तितक्या सहजपणे बोलत राहिल्या, “गढीतले झ म्हणायचे. सगळं गाव बेलोर्स, आणि ती एकटी मंडळी बेलोर्साझ. कित्येक पिढ्या म्हणे दरबारात काढल्या, तिथे कागदावर जसं लिहितात तसं बोलायची पद्धत, ती घेऊन आले. माझी आजी त्यांचे कपडे धुवायची. ती सांगायची, धनी दिवाणखान्यात नाव सांगायला लागले की मधमाशी आत शिरली की काय वाटायचं. झझझ. गावातली पोरं त्यांच्यामागे तसाच आवाज करत पळायची. शेवटच्या धन्याने विकून टाकलं आणि एका मुलाला घेऊन गेला, लियोंकडे की कुठे. तो पोरगा पण म्हणे, गाडीत चढताना सुद्धा, बेलोर्साझ, बेलोर्साझ. एवढंसं पोर.” त्यांनी ॲप्रनच्या खिशात किल्ली शोधली. “अस्वलसुद्धा त्यांचंच. आम्हाला कुठलं अस्वल? बेलोर्स म्हणजे आमच्या बोलीत उतारावरची ओली जागा, गाय रुतते तसली. त्यांनी झ घेतला, अस्वल घेतलं, चिखल तेवढा आम्हाला ठेवला.” त्या पुन्हा हसल्या.

गाडीत चढताना सुद्धा. एवढंसं पोर. “आम्ही झच म्हणतो,” आमेदे म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच मोठा वाटला. “बेलोर्साझ. नेहमीच म्हणतो. माझे वडीलही तसंच म्हणायचे, मरेपर्यंत म्हणायचे. तो लियोंला गेलेला मुलगा म्हणजे ते.” “हो का,” पेर्नेतबाई म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे समजूतदारपणे पाहिलं, बाजारात भाव कळल्यावर गिऱ्हाईक एकदम जाणकार होतं त्याच्याकडे बघतात तसं. “आता मी सांगितल्यावर म्हणणारच की.” “तसं नाही. मॅडमना विचारा. मॅडम, तुम्हीच त्या दिवशी...” “हो, हो,” मॅडम द सोव्हब्वा म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उपहासही नव्हता, आणि इतके आठवडे तो ज्याची वाट बघत होता ते काहीच नव्हतं. फक्त एक अवघडलेली दया होती, दुसऱ्याच्या शर्टाची शिवण उसवलेली दिसावी तशी. लियोंमध्ये झ, इथे उतरल्यावर बेलोर्स आणि गढीचं कळताच पुन्हा झ, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. त्यांनी हलकेच त्याच्या बाहीला हात लावला. “राहू द्या, डॉक्टर. काही बिघडत नाही. आजकाल असल्या गोष्टींना कोण विचारतं.” आजकाल. असल्या. विचारतं. त्यांनी एकही वाईट शब्द वापरला नव्हता, आणि खरं म्हणजे त्यांनी कधीच वापरला नव्हता. त्याला वाटलं, आता मॅडमना सांगावं, मी भ्यालो म्हणून तसं म्हटलं, तुमच्या एका वाक्याला भ्यालो, खरं माझ्या तोंडात होतं आणि मीच ते थुंकून टाकलं. पण हे ऐकायला कसं लागेल हे त्याला आधीच ऐकू येत होतं. वडील डोळ्यांसमोर आले, अस्वलाला दर वेळी वेगळ्या शस्त्राने मारणारे, आणि त्यांची माफी मागावी असं त्याला इतकं तीव्रतेने वाटलं की त्याने घसा खाकरला.

“बरं, मुलीचं नाव सांगा,” पेर्नेतबाई म्हणाल्या, “पाद्र्याला कळवायला लागतं.” क्लोतील्दला यातलं फार थोडं कळलं होतं. तिला एवढंच दिसत होतं की बाबांचे कान लाल झालेत, हात खिशात जाऊन परत बाहेर येतायत, आणि सासूबाई दुसरीकडे बघतायत. झ आणि अस्वल आणि चिखल, यातलं कुठलं कुणाला लागतं आणि का लागतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी ‘द’चा धडासुद्धा आमेदेने तिला दिला नव्हता. ती पुढे झाली, वडिलांच्या हाताला हात गुंतवला आणि त्यांच्या बाजूने उभी राहिली. आमेदेला कळलं ती काय करणार ते. “नाही,” तो म्हणाला, पण हळू, आणि तिला वाटलं तो थंडीबद्दल काहीतरी म्हणतोय. तिने पेर्नेतबाईंकडे सरळ बघितलं आणि वडील म्हणाले होते तसं, शेवटचा स्वर नीट गिळून, म्हणाली, “क्लोतील्द. क्लोतील्द द बेलोर्स.”